हुकूम एकदाच, हिशेब दर तिमाहीला

(वर्षावास व्याख्यानमालेत २६ जुलै रोजी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेत कारकून आहोत. शिक्षण कला शाखेचे, पण वीस-बावीस वर्षे आयुष्य गेले ते रकाने भरण्यात आणि बेरजा जुळवण्यात. त्यामुळे मंडळाने 'शासकीय नोकरभरती आणि सरकारी आकडेवारी' हा विषय आमच्या गळ्यात घातला तेव्हा आम्ही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. काही बांधवांनी मात्र विचारले की, वर्षावासात धम्मावर बोलायचे सोडून हा रुक्ष विषय कशासाठी? त्यांना उत्तर आजची तारीखच देते. २६ जुलै १९०२ या दिवशी करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांचा तो प्रसिद्ध हुकूम निघाला. शिवाय तथागतांनी आपला धम्म 'एहिपस्सिको' म्हणजे 'या आणि स्वतः पाहा' असा सांगितला. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, तपासून घ्या, ही शिकवण सरकारी कागदालाही लागू पडते असे आम्हांस वाटते.

आणि आपण बसलो आहोत ते गाव तरी कोणाचे? शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले हे जयसिंगपूर. आखून काढलेले रस्ते आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. पत्ता सांगायचा तर आम्ही गल्ली नंबर सांगतो. शिवाय दरवर्षी ऊस परिषद भरते ती याच गावात. काटा बरोबर आहे का, उतारा किती धरला, टनाला दर किती बसला, हे प्रश्न येथल्या लहान पोरालाही समजतात. उसाच्या बाबतीत आम्ही वजनाची पावती पाहिल्याशिवाय गप्प बसत नाही. नोकरीच्या बाबतीत मात्र 'आरक्षण आहे' एवढे ऐकले की समाधान मानतो, पावती मागत नाही. आज बोलायचे आहे ते या पावतीबद्दल.

प्रथम १९०२ कडे वळू. शाहू महाराजांचे राज्यारोहण २ एप्रिल १८९४ रोजी झाले. त्या वेळी संस्थानच्या सामान्य प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनी स्वरूपाच्या ५०० जागा होत्या आणि त्यांत ब्राह्मणेतर कारकून अवघे १० होते. हे आकडे आपण अनेक भाषणांत ऐकले असतील. आम्ही कारकून असल्यामुळे आमचे लक्ष जाते ते वेगळ्याच गोष्टीकडे. हे आकडे कुणीतरी मोजले होते! कोणत्या खात्यात किती माणसे, ती कोणत्या समाजाची, हे मोजल्यानंतरच दुखणे कुठे आहे ते दिसले. त्यापूर्वी रयतेला एवढेच जाणवत होते की, कचेरीत आपले ऐकणारे कोणी नाही. हे नुसते जाणवणे दरबारात मांडता येत नाही. ७१ पैकी ६० हे मांडता येते आणि ते खोडून काढणे अवघड असते.

येथे एक खुलासा करतो. या आकड्यांचा उल्लेख आम्ही कोणत्याही समाजाबद्दल आकस ठेवून करीत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी होती ते लेखणीच्या जागांवर बसले. प्रश्न एवढाच होता की, बाकीच्यांच्या हाती ती लेखणी कधी येणार? महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडण्यास सुरुवात केली ती यासाठीच.

आता हुकूम पाहू. हुकूम निघाला तेव्हा महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभानिमित्त विलायतेत होते. तो करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. त्याचा आशय आम्ही आमच्या भाषेत सांगतो. सर्व वर्गांत शिक्षणाचा प्रसार व्हावा असा सरकारचा प्रयत्न आहे, पण मागासलेल्या वर्गांत उच्च शिक्षण अपेक्षेइतके पसरलेले नाही. शिकून मिळणारे फळ थोड्यांच्याच पदरात पडते, हे त्याचे कारण. म्हणून हुकुमाच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण शेकडा ५० हून कमी असेल, तेथे पुढची नेमणूक या वर्गांतूनच करावी. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, हेही हुकुमात स्पष्ट केले होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व.

येथवरचा भाग बहुतेकांना पाठ असतो. पण हुकुमात आणखी एक वाक्य आहे आणि ते जयंतीच्या भाषणात सहसा येत नाही. या हुकुमानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस सरकारला सादर करावा, असे त्यात फर्मावले आहे.

बँकेत काम करणाऱ्या माणसाला या वाक्याचे मोल पटकन कळते. वरून परिपत्रके रोज येतात. वाचली जातात, सही होते, फायलीला लागतात. पण ज्या परिपत्रकाच्या शेवटी 'तिमाही विवरणपत्र पाठवावे' असे लिहिलेले असते, त्याची गोष्ट वेगळी. ते विसरता येत नाही, कारण तीन महिन्यांनी कोणीतरी विचारणार असते. रकाना कोरा गेला तर खुलासा द्यावा लागतो. महाराजांना कचेरीचा स्वभाव पुरता ठाऊक होता. हुकमाला तोंडाने कोणी नाही म्हणणार नाही, 'लायक उमेदवार मिळाला नाही' एवढेच म्हणेल आणि जागा पूर्वीप्रमाणे भरून टाकील, हे ते जाणून होते. म्हणून हुकूम एकदा काढला आणि हिशेब वर्षातून चार वेळा मागितला.

परिणाम काय झाला? १९१२ साली प्रशासनातील ९५ पदांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ पदे होती. म्हणजे १८९४ साली शंभरात सुमारे ८५ असलेले प्रमाण अठरा वर्षांत शंभरात ३७ वर आले. कोणाला नोकरीवरून काढून टाकून हे घडले नाही. जागा रिकाम्या होत गेल्या, नव्या निर्माण झाल्या आणि त्या हुकमाप्रमाणे भरत गेल्या.

मित्रहो, आता जरा थांबून या तक्त्याकडे आपल्या नजरेने पाहू. या आकड्यांत दोनच रकाने आहेत, ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर. १९१२ साली ब्राह्मणेतरांकडे ६० पदे होती. त्यांत अस्पृश्य समाजाचे किती होते? तक्ता काही सांगत नाही. महाराजांच्या मनात काही कमी होते असा याचा अर्थ मुळीच नाही. मात्र तक्ता जेवढे विचारतो तेवढेच सांगतो. ज्याला रकाना नाही तो बेरजेत असला तरी दिसत नाही.

महाराजांनी ही उणीव ओळखली होती हे त्यांच्या पुढच्या हुकमांवरून दिसते. १९१८ साली त्यांनी वंशपरंपरेने चालत आलेली कुलकर्णी वतने बंद केली आणि गावाचे दप्तर पगारी तलाठ्यांच्या हाती दिले. त्याच वर्षी महार वतन रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या. गावाचे दप्तर ही लहान गोष्ट नव्हे. सात-बारा कोणाच्या नावे लागतो, पीकपाहणीत काय लिहिले जाते, जन्ममृत्यूची नोंद होते की नाही, सगळे दप्तरावर. सरकारी आकडा मुंबईत किंवा दिल्लीत छापला जातो, पण तो जन्माला येतो चावडीत. तेथे लेखणी कोणाच्या हाती आहे यावर आकड्याचा खरेपणा अवलंबून असतो. पुढे १९१९ साली महाराजांनी असाही हुकूम काढला की, सरकारी नोकरीत आलेल्या अस्पृश्यांना प्रेमाने व समतेने वागवावे. ज्या अधिकाऱ्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. जागा दिली म्हणजे काम संपले असे न मानता त्या जागेवर माणूस टिकेल कसा, हेही त्यांनी पाहिले. मार्च १९२० मध्ये आपल्या शेजारच्या हातकणंगले तालुक्यात, माणगावला, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि महाराज स्वतः तेथे आले. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. तोवर म्हैसूर संस्थानात १९१८ साली याच प्रश्नासाठी मिलर समिती नेमली गेली होती आणि १९२१ साली मद्रास प्रांतातही नोकऱ्यांच्या वाटपाचा हुकूम निघाला होता. करवीर मात्र त्यांच्याआधी बरीच वर्षे या वाटेने चालले होते.

हा वेगळा रकाना साऱ्या देशासाठी मागितला तो बाबासाहेबांनी. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाल्यानंतर त्याच वर्षी त्यांनी व्हाइसरॉयांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन सादर केले. त्यात केवळ तक्रार नव्हती, आकडेही होते. हजाराहून अधिक आय.सी.एस. अधिकाऱ्यांमध्ये अनुसूचित जातीचा अधिकारी केवळ एक! ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी शेकडा ८.३३ जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. १९४६ साली त्या १२.५ झाल्या आणि १९७० सालापासून १५. पुढे राज्यघटनेत कलम १६(४) आणि ३३५ आले. १९०२ च्या हुकमाला आता देशाच्या कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

आता आजच्या काळाकडे येऊ. तिमाही तक्त्याची आजची वारस म्हणजे बिंदुनामावली. आमच्या विद्यार्थी मित्रांनी हा शब्द ऐकलेला असतो, पण वही पाहिलेली नसते. एखाद्या संवर्गात किती पदे मंजूर आहेत, त्यांपैकी कितवा बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, त्यावर सध्या कोण बसले आहे, ते निवृत्त कधी होणार, याची ही नोंदवही. महाराष्ट्रात २००४ साली अमलात आलेल्या आरक्षण कायद्यानुसार सरळसेवेत अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के, इतर मागासवर्गाला १९ टक्के, शिवाय विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग मिळून एकूण ५२ टक्के जागा ठरवून दिल्या. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास शिक्षेची तरतूदही त्या कायद्यात आहे. आपल्या भागातील कार्यालयांची बिंदुनामावली तपासण्याचे काम पुण्याच्या विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्षाकडे असते. राष्ट्रीयीकृत बँकांतही रोस्टर असते आणि लायझन अधिकारी दरवर्षी ते तपासतो.

पूर्वी रोस्टर रिक्त जागांवर फिरत असे. १९९५ साली सभरवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रोस्टर रिक्त जागांवर न चालवता पदांवर चालवावे. म्हणजे शंभर पदांच्या संवर्गात तेरा पदे अनुसूचित जातीची झाली की तेथून पुढे त्या पदावरचा माणूस निवृत्त झाल्यावर त्याच प्रवर्गाचा माणूस यावा. नियम साधा आहे. पण त्याचा पाया एकच, वही खरी आणि अद्ययावत असणे. वहीत बिंदू मागेपुढे झाला, बदलून आलेल्या माणसाची नोंद राहिली, गुणवत्तेवर खुल्या जागेत निवडलेला उमेदवार राखीव बिंदूवर चढवला, की एका घराची भाकरी गेली. कोणी आवाज चढवत नाही, कोणी शिवी देत नाही. एका ओळीत चुकीची नोंद होते, एवढेच.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाने एका कार्यालयात ही वही पाहायला मागितली. पहिल्या खेपेस साहेब रजेवर होते. दुसऱ्या खेपेस कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते प्रशिक्षणाला गेले होते. तिसऱ्या खेपेस 'वही तपासणीला पाठवली आहे' असे उत्तर मिळाले. वही कशी असते ते त्या मुलाने अजूनही पाहिलेले नाही. मात्र त्या कार्यालयाच्या भिंतीवर शाहू महाराजांची तसबीर आहे आणि तिला रोज हार घातला जातो.

आकडेवारी वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात असे आम्ही अनुभवाने सांगतो.

पहिली गोष्ट, एकूण बेरजेवर जाऊ नये, वर्गवारी मागावी. एखाद्या कार्यालयात आमच्या माणसांचे प्रमाण चांगले दिसते. उकलून पाहिले तर झाडलोट आणि शिपाई यांच्या रकान्यात गर्दी, आणि वर्ग अ व ब मध्ये रकाना कोरा. टक्का पूर्ण झाला, पण सही करणारा हात बदलला नाही. शाहू महाराजांनी खातेप्रमुखांकडून प्रत्येक नेमणूक मागवली होती, नुसती बेरीज मागवली नव्हती.

दुसरी गोष्ट, मंजूर पदे, भरलेली पदे आणि रिक्त पदे हे तीन वेगळे आकडे आहेत. महाराष्ट्रात २०२३ च्या सुमारास सात लाखांहून अधिक मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक पदे रिक्त होती. आरक्षण पदाला असते. पद भरलेच नाही तर आरक्षण कागदावर शाबूत राहते आणि उमेदवाराचे वय मात्र वाढत जाते. २०२२ साली स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त ७५ हजार पदे भरण्याची घोषणा झाली, त्यातून काही मुलांना संधी मिळाली हे खरे. पण सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी संस्थांमार्फत बाह्ययंत्रणेने माणसे घेण्याचा शासन निर्णयही निघाला. त्याविरुद्ध राज्यभर आवाज उठला आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. येथे आमचा मुद्दा हिशेबाचा आहे. कंत्राटदाराने पाठवलेला माणूस खुर्चीवर बसतो, काम करतो, पण बिंदुनामावलीत त्याची ओळ नसते. खुर्ची दिसते, नोंद दिसत नाही. अशा माणसांचा आकडा वेगळा मागितल्याशिवाय खरे प्रमाण कळणार नाही.

तिसरी गोष्ट, आकडा नसणे हेही एक हत्यार होते. पदोन्नतीतील आरक्षणाचे उदाहरण घ्या. २००६ साली नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पदोन्नतीत आरक्षण द्यायचे तर त्या वर्गाचे प्रतिनिधित्व अपुरे आहे हे सरकारने मोजता येईल अशा माहितीने दाखवावे. २०१८ व २०२२ च्या जर्नेलसिंग खटल्यांतील निकालांनंतर हेही स्पष्ट झाले की, ही माहिती संवर्गनिहाय असली पाहिजे. महाराष्ट्रात २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत आरक्षण होते. ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. इतर मुद्द्यांबरोबर माहितीच्या अभावाचा मुद्दाही तेथे होताच. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने सर्व पदोन्नत्या सेवाज्येष्ठतेने करण्याचे ठरले. हजारो कर्मचाऱ्यांचे भवितव्य ज्या माहितीवर टांगलेले आहे, ती माहिती कोणत्या परग्रहावर आहे? ती प्रत्येक कार्यालयाच्या आस्थापना शाखेत आहे! राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय १ जुलै या संदर्भ दिनांकास कर्मचाऱ्यांची गणना करते, त्यात प्रवर्गाची नोंद असते, आणि ही माहिती दिल्याचे प्रमाणपत्र पगारबिलासोबत मागितले जाते. म्हणजे आपला पगार निघावा म्हणून रकाने वेळेवर भरले जातात. तीच माहिती संवर्गनिहाय मांडून न्यायालयापुढे ठेवायची वेळ आली की मात्र वर्षे लोटतात. इतर मागासवर्गीय बांधवांना हाच अनुभव २०२१ साली स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आरक्षणात आला. अनुभवसिद्ध माहिती नाही म्हणून आरक्षण अडले, मग बांठिया आयोग नेमला गेला, आणि जुलै २०२२ मध्ये त्या आयोगाच्या अहवालानंतर वाट मोकळी झाली.

आता शेवटचा आणि आपल्या घरातला प्रश्न. तो बोलायला थोडा अवघड आहे, पण विहारात बोलायचा नाही तर कुठे?

१९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९५६ ची धम्मदीक्षा झाली आणि १९६१ च्या जनगणनेत ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. दहा वर्षांत झालेला हा बदल सरकारी आकडेवारीला नमवणारा होता. लोकांनी प्रगणकासमोर ताठ मानेने 'बौद्ध' असे सांगितले. पण १९५० च्या आदेशाप्रमाणे तेव्हा बौद्धांना अनुसूचित जातीत धरले जात नव्हते. राज्य स्थापनेनंतर यशवंतराव चव्हाणांच्या काळात महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्राचे दार मात्र बंद राहिले. ते उघडले १९९० साली, कायद्यात दुरुस्ती होऊन. आकड्यात त्याचे प्रतिबिंब पाहा. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सात टक्क्यांच्या थोडे वर होते, १९९१ मध्ये ते अकरा टक्क्यांच्या वर गेले. दहा वर्षांत एवढी मुले काही जन्माला आली नव्हती. माणसे तीच होती, रकाना बदलला होता. मधल्या तीस वर्षांत आपण वस्तीत होतो, शाळेत होतो, गिरणीत होतो, पण केंद्राच्या त्या बेरजेत नव्हतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाख ३१ हजार होती, देशातील बौद्धांच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त. अनुसूचित जाती १ कोटी ३२ लाख, म्हणजे ११.८ टक्के. आता २०२७ च्या जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. १९३१ नंतर प्रथमच हे होत आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा आपण काय सांगणार?

धर्म बौद्ध, याबद्दल दुमत नाही. अडचण येते जातीच्या रकान्यात. अनेक उपासक म्हणतात, आम्ही जात टाकून धम्म घेतला, आता तो शब्द पुन्हा तोंडाने का उच्चारावा? त्यांची वेदना खरी आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आजोबांच्या नातवाला तो रकाना भरताना जड वाटणारच. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, अनुसूचित जातींच्या यादीत जातींची नावे आहेत, 'बौद्ध' हे त्या यादीतले नाव नाही. १९९० चा कायदा बौद्ध असूनही अनुसूचित जातीचा हक्क देतो तो त्या नावाच्या आधारे. पूर्वी अन्याय कोणत्या नावाने झाला याची ती नोंद आहे. दवाखान्यात केसपेपरवर दुखण्याचे नाव लिहितात म्हणून ते दुखणे कोणी आपली ओळख मानत नाही, पण नाव लिहिल्याशिवाय औषधही मिळत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांचा निर्णय त्यांचा, आम्ही त्यांचा आदर करतो. मात्र हा निर्णय प्रत्येक घराने विचार करून, परिणाम समजून घेऊन करावा. प्रगणकाने घाईत काहीतरी लिहून नेले आणि आपण चहा विचारण्यात गुंतलो, असे होऊ नये. त्याने काय लिहिले ते वाचून पाहावे.

मंडळाने यापुढे काय करावे, याबद्दल आम्हांस सुचलेल्या तीन गोष्टी सांगून आम्ही आमचे भाषण संपवतो.

एक, वस्तीतील मुलामुलींची एक नोंदवही मंडळाने ठेवावी. नाव, शिक्षण, कोणत्या परीक्षा दिल्या, जातीचा दाखला आहे का, जात पडताळणी झाली का, वयोमर्यादा कधी संपते. हातात निवडीचे पत्र आणि पडताळणीचा कागद नाही, अशी धावपळ दरवर्षी दोन-चार घरांत होते. वही असेल तर ती वेळेआधी टाळता येईल.

दोन, माहितीचा अधिकार वापरावा. २००५ पासून तो आपल्या हाती आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. तालुक्यातील एकेका कार्यालयाला विचारावे की, संवर्गनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे किती, बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून शेवटची कधी तपासली, अनुशेष किती, आणि कंत्राटी माणसे किती. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, नाही आले तर अपील करता येते. भाषा सौम्य ठेवावी. कारकुनावर डाफरू नये, तोही आमच्यासारखाच पोटार्थी आहे, आणि पुष्कळदा तो आपलाच असतो.

तीन, आपल्यापैकी जे आस्थापना शाखेत, तलाठी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, शाळेत किंवा बँकेत बसतात, त्यांनी आपला रकाना खरा भरावा. ही गोष्ट आम्ही स्वतःलाही सांगत आहोत. १९०२ चा हुकूम महाराजांचा होता, पण दर तिमाहीचा तक्ता कुठल्यातरी कारकुनाने रात्री कंदिलाच्या उजेडात भरला असेल. त्याचे नाव इतिहासात नाही. त्याने तो खरा भरला म्हणून ६० चे ३५ झाले हे आज आपण सांगू शकतो.

हे अर्ज आणि नोंदवही यांचे काम अंगावर घ्यायला कोणी विद्यार्थी मित्र तयार असतील तर कार्यक्रमानंतर त्यांनी आम्हांस भेटावे. रविवारी सकाळी दोन तास आम्ही विहारात बसू. अर्जाचा नमुना तयार आहे. पहिला अर्ज या महिनाअखेर जावा आणि त्याचे उत्तर पुढच्या पौर्णिमेच्या कार्यक्रमात सर्वांसमोर वाचून दाखवावे, अशी मंडळास विनंती आहे. त्यापुढे दर तीन महिन्यांनी तसेच व्हावे.

राजर्षी शाहू महाराज आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम! नमो बुद्धाय!